गरम झाली की तिसऱ्या गिअरातच अडकते – २०११ ची ऑटोमॅटिक आय-टेन, गिअरबॉक्स उतरवू का?

तिसरं_रेल्वेगेट
मंडळी जरा डोकं लावा इकडं. गाडी आय-टेन, १.२ कप्पा इंजिन, २०११ चं मॉडेल, चार गिअरवाली ऑटोमॅटिक, केए-२२ म्हणजे बेळगाव पासिंग. लाखाच्या वर पळालीय. बाबांचा डावा गुडघा गेल्यापासनं त्यांना क्लच दाबाय जमत नाही, त्यामुळं दुसरी कुठली आणून उपयोग नाही, हीच पाहिजे.

त्रास असा आहे. सकाळी थंड गाडी आर ला (रिव्हर्सला) टाकलो की लगेच काय होत नाही, दोन-तीन सेकंद गप्प आणि मग धाडकन बसतो. हे दसऱ्यापासनं चालू आहे, दुर्लक्ष केलो. आता नवीन कायतर होऊलंय. गाडी चांगली अर्धा तास पळाली की मधेच एक झटका बसतो आणि त्यानंतर गिअर बदलतच नाही. सिग्नलला थांबून परत निघायचं तर बसलेला बैल उठवल्यागत उठते, रेस दिलं तरी पिकअप नाही, खरं एकदा साठ-सत्तरला गेली की नीट पळते. बंद करून परत चालू केलं की एकदम चांगली! परवा गोव्यासनं येताना चोर्ला घाटात कणकुंबीच्या अलीकडं असंच झालं, फोनला रेंज नाही, मागं बाबा आणि आत्या, घाम फुटला.

इथल्या एका गॅरेजवाल्याला दाखवलो. बॉनेट पण उघडला नाही, एक चक्कर मारून आला आणि सांगला गिअरबॉक्स गेला, उतरवाय पाहिजे, पन्नास-साठ हजार धरा, नाहीतर स्क्रॅपमधला जुना बसवूया. आता २०२६ ला गाडीला १५ वर्षं होतात, आरसी रिन्यू करायचं आहे, त्यात एवढा खर्च घालायचा का सोडून द्यायचं?

निपाणीकर
विक मर्दा. १५ वर्षांच्या ऑटोमॅटिकला कोण हात लावत नाही इकडं. एमएच-०९ ची एखादी बघून देऊ काय, खरं एनओसी आणि इकडचा टॅक्स भरायची तयारी ठेव, तिथंच सगळा फायदा जातोय.

जांबोटी_फास्ट
ऑइल बघितलास काय आधी? ऑटोमॅटिकचं निम्मं दुखणं ऑइलात असतंय असं आमचे मामा म्हणायचे. आणि घाटात ओव्हरड्राइव्ह (चौथा गिअर) बंद करतोस का नाही? डी मध्ये सोडून दिलास तर तिसरा-चौथा, तिसरा-चौथा करत बसते आणि तापते.

पुणेकर_सध्या
माझ्या सेलेरिओतही असंच व्हायचं, मधेच न्यूट्रलला जायची. अ‍ॅक्चुएटरचं कॅलिब्रेशन करून दिलं, ठीक झाली. ते करून बघा ना.

वायसर
पुणेकर, तुमची सेलेरिओ एएमटी आहे, २०१४ ला आली ती. आत साधा मॅन्युअलचा गिअरबॉक्स आणि क्लच, फक्त क्लच दाबायला आणि दांडा हलवायला माणसाच्या जागी मशीन, तोच तुमचा अ‍ॅक्चुएटर. ह्या आय-टेनमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलातनं गिअरबॉक्सला जाते, क्लचच्या चकत्या ऑइलाच्या प्रेशरवर आवळतात, प्रेशर कुठं सोडायचं ते सोलेनॉइड, म्हणजे करंटवर चालणारे वॉल्व्ह, ठरवतात. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. इकडं गॅरेजात पण हाच घोळ आहे, क्लचचं पेडल नाही म्हणजे सगळ्या एकच असं समजतात.

तिसरं गेट, मी मस्कतात बरीच वर्षं हेच काम केलोय, ऑटोमॅटिक उतरवायच्या आणि चढवायच्या, तर माझं ऐका आणि अजून कोणाला काय उघडू देऊ नका. तुम्ही दोन दुखणी एकत्र सांगूलाय आणि तो गॅरेजवाला दोन्हीचं मिळून एकच नाव ठेवलाय, गिअरबॉक्स गेला. आर उशिरा बसतो तो थंडीत. तिसऱ्यात अडकते ती गरम झाल्यावर, आणि चावी बंद केली की बरी होते. आता सांगा, जळालेली क्लच चकती चावी फिरवून बरी होते काय? नाही होत. चावी फिरवून बरं होणारं दुखणं बहुतेक वायरीतलं असतं.

तिसराच का, ते सांगतो. कंट्रोल युनिटला एखाद्या सेन्सरचा आकडा पटला नाही की ते स्वतःला सांभाळायला सोलेनॉइडांचा करंटच तोडून टाकतंय. करंट नसताना ह्या गिअरबॉक्सात पुढं जायला जो गिअर उरतो तो तिसरा. म्हणून उठत नाही खरं पळते. आणि करंट गेला की लाइन प्रेशर, म्हणजे ऑइलाचं मुख्य प्रेशर, पूर्ण चढतं, तो तुमचा झटका. पुढच्या वेळी असं झालं की जरा जागेवर थांबून दांडा २ वर आणि एल वर टाकून निघून बघा. तिथंही तसाच मरगळलेला निघाला तर नक्की फेल-सेफ, म्हणजे हाच स्वतःला सांभाळायचा प्रकार. एल ला टाकून जोरात निघाला तर मग वेगळं बघूया.

आधी एवढं सांगा, चेक इंजिनचा दिवा लागतो काय? आणि गेल्या वर्षभरात गाडीखाली कोण काय काम केलंय काय? कसलं बी असू दे.

तिसरं_रेल्वेगेट
वायसर काका, दिवा कधीतरी लागतो, दोन दिवस राहतो आणि जातो. मी पेट्रोलचं कायतर असेल म्हणून सोडलो. काम म्हणाल तर गणपतीच्या आधी ड्रायव्हरच्या बाजूचा शाफ्ट काढून रबर बूट बदलले, फाटलेला होता, ग्रीस उडत होतं. आणि पाऊस संपल्यावर वॉशिंगवाल्याकडनं इंजिन धुवून घेतलो, जेटनं, चिखल लई बसलेला.

वायसर
बघा आता. शाफ्ट गिअरबॉक्समधनं ओढला की त्या भोकातनं एटीएफ (ऑटोमॅटिकचं ऑइल) सांडतंय, हे होतंच. परत भरले काय? आणि भरले असतील तर काय भरले? बिल काढून बघा. मॅन्युअलच्या गाड्यांवर हात बसलेला माणूस शाफ्ट काढतो, थोडं सांडलं तर पुसतो आणि पुढं जातो, कारण मॅन्युअलमध्ये पावशेर कमी झालं तर गाडी बोलत नाही. ऑटोमॅटिक बोलते. दसऱ्यापासनं आर उशिरा, काम गणपतीच्या आधी, मध्ये किती दिवस गेले ते तुम्हीच मोजा.

आता ऑइल कसं बघायचं ते नीट ऐका, थंड गाडीवर डिपस्टिक ओढून काय कळत नाही. गाडी चांगली फिरवून आणा, राकसकोपपर्यंत जाऊन या म्हणा, ऑइल ७०-८० डिग्रीला आलं पाहिजे. सपाट जागेवर उभी करा, ब्रेक दाबून ठेवून दांडा पी पासनं एल पर्यंत सगळीकडं एकेकदा फिरवा, प्रत्येक ठिकाणी जरा थांबा, मग इंजिन चालूच ठेवून डिपस्टिक. हॉटच्या दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. आणि पुसायला गोधडीचा तुकडा, बनियन असलं काय घेऊ नका, त्याचे धागे आत गेले तर वॉल्व्ह बॉडीत, ऑइल वाटणाऱ्या भागात, अडकतात, टिश्यू पेपर घ्या. एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाकून पसरू द्या. लाल-गुलाबी म्हणजे नवं. तपकिरी म्हणजे जुनं, चालेल. काळं आणि करपलेला वास म्हणजे चकत्या जळाल्यात. दुधासारखं गुलाबी दिसलं तर गाडी चालवूच नका, रेडिएटरच्या पोटातला कूलर फुटून पाणी मिसळलंय.

रंकाळा
भावा एक सोपी टेस्ट आहे, ब्रेक पूर्ण दाबायचा, डी टाकायचा आणि ॲक्सिलरेटर तळाला. आरपीएम किती चढतो बघ. जास्त चढला की क्लच स्लिप. आमच्या उद्यमनगरात सगळे हेच करतात.

वायसर
रंकाळा, टेस्ट खरी आहे, स्टॉल टेस्ट म्हणतात तिला, खरं घरच्या अंगणात ती करायला सांगू नका. पाच सेकंदाच्या वर धरलं तर सगळी ताकद कन्व्हर्टरमधल्या ऑइलात उष्णता होऊन बसते, आणि ऑइल आधीच कमी असलं तर जे गेलं नव्हतं ते पण जातंय. समोर भिंत आणि ब्रेक जुने असले तर अजून वेगळीच मजा. ऑइल बरोबर आहे हे नक्की झाल्यावर, जाणत्या माणसासमोर करायची. त्यातनं कळतंय मात्र बरंच. डी आणि आर दोन्हीकडं आकडा गाडीच्या पुस्तकातल्यापेक्षा जास्त आला तर प्रेशरच कमी, पंप किंवा फिल्टर. फक्त डी ला जास्त आला तर पुढं जायचा क्लच गेलेला. दोन्हीकडं कमी आला तर गिअरबॉक्सच्या आधी इंजिन बघा.

शहापूरची_मी
शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन. इंजिनचं दुखणं गिअरबॉक्सच्या नावावर घालतात हे मी बघितलंय. दोन गोष्टी घरी बघता येतात दादा. एक म्हणजे माऊंटिंग, इंजिन धरून ठेवणारे रबर. बॉनेट उघडा ठेवून कुणालातरी आत बसवा, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही, आणि डी-आर-डी-आर करायला सांगा, तुम्ही बाजूला उभं राहून बघायचं, समोर नाही. इंजिन जागेवरनं उडी मारल्यासारखं हललं तर धाडकन आवाज माऊंटिंगचा, गिअरचा नाही. दुसरं, एका स्पीडला, साठ-सत्तरला गाडी रंबल-स्ट्रिपवरनं चालल्यागत थरथरत असेल तर डाव्या पायानं ब्रेक नुसता टेकवायचा, ब्रेकचा दिवा लागेल इतकाच. कन्व्हर्टरला थेट जोडून धरणारं लॉकअप सुटतं. थरथर लगेच थांबली तर कन्व्हर्टरच्या लॉकअपचा प्रॉब्लेम, थांबली नाही तर प्लग, कॉइल बघा.

आमच्याकडं सिटी झेडएक्स आहे, सीव्हीटी, भाऊजींची. ती निघताना थरथरायला लागली तेव्हा एकानं लाल एटीएफ भरून दिलेलं, ऑटोमॅटिकचं ऑइल म्हणून. तिला होंडाचं वेगळं मल्टी-मॅटिकचं लागतं. तिच्यात आत स्टीलचा पट्टा आणि निघताना धरणारा एक स्टार्ट क्लच, त्याला ऑइल चुकलं की कळतंच. सगळं काढून बरोबर ऑइल भरल्यावर बरीच बरी झाली. तेव्हा तुमच्या गाडीला एसपी-३ ऑइल लिहिलंय तर एसपी-३ च. दुकानदार सगळ्यात चालणारं म्हणून जे देतो ते नको.

खानापूर_काका
माझं एक सांगणं, परत घाटात बंद पडली तर दोरी लावून ओढू नका हो. आमच्या शेजाऱ्यानं अनमोडपासनं रामनगरपर्यंत न्यूट्रलला टाकून टेम्पोनं ओढली होती त्याची ऑटोमॅटिक. इंजिन बंद म्हणजे आतला पंप बंद, चाकं मात्र फिरतायत, आतले भाग कोरडे घासले. आधी काय बिघडलेलं ते राहिलं बाजूला, गिअरबॉक्स खराखुरा गेला. पुढची चाकं उचलून न्यायची नाहीतर सरळ गाडीवर गाडी. आणि ढकलून चालू करायचा तर प्रश्नच नाही.

तिसरं_रेल्वेगेट
अपडेट. हिंडलग्याच्या पुढं जाऊन आलो, मग घरासमोर बघितलो काका सांगितल्यागत. डिपस्टिकच्या टोकाला थेंबभर लागलंय फक्त, हॉटच्या खालच्या खुणेच्या पण बरंच खाली. टिश्यूवर चॉकलेटी डाग पडला, कडेला पिवळसर रिंग. करपलेला वास नाही, आत्याला पण हुंगाय दिलो, ती म्हणाली शेवग्याच्या शेंगा जळाल्या तर मला कळतात, हे तसलं नाही. दूध वगैरे काय नाही. बिल सापडलं, त्यात बूट, ग्रीस, क्लिप, मजुरी. ऑइलचं नावच नाही.

माऊंटिंग ताईंनी सांगितल्यागत बघितलो, थोडं हलतं खरं उडी नाही.

वायसर
झालं मग, निम्मं सापडलं. दुसरं सगळं करायच्या आधी एसपी-३ थोडं थोडं वरनं भरा, पावशेर घालून परत फिरवून बघा, एकदम लिटरभर ओतू नका, जास्त झालं तर आत फेस होतो आणि फेस म्हणजे हवा, परत तोच त्रास. भरायचं डिपस्टिकच्याच नळीतनं, लांब नळीचा फनेल लागतो. शाफ्टच्या सीलला ओल आहे काय तेही बघा, नाहीतर भरलेलं परत जाईल.

आता दुसरं. स्कॅनर लावा, खरं मोबाइलला जोडायचा स्वस्तातला डोंगल नको. तो बऱ्याचदा इंजिनच्याच युनिटशी बोलतो, ट्रान्समिशनपर्यंत पोचत नाही. नशिबानं पी ०७०० दाखवलाच तरी तो नुसता निरोप आहे, आत कायतर आहे बघा म्हणून. खरा कोड ट्रान्समिशनच्या युनिटात. पी ०७१५ म्हणजे इनपुट स्पीड सेन्सर, गिअरबॉक्सात येणाऱ्या फेऱ्या मोजतो तो, ०७२० आउटपुटचा, ०७०५ दांड्याची जागा सांगणारा स्विच, ०७३१ पासनं पुढं त्या त्या गिअरचा रेशो (आत-बाहेरच्या फेऱ्यांचं प्रमाण) जमत नाही. रेशोचा कोड आला तर मी पण काळजी करीन. कोड पुसायच्या आधी लिहून घ्या, फोटो काढा, आणि बॅटरी काढू नका, शिकलेलं सगळं विसरते आणि मग नवीनच झटके सुरू होतात.

जांबोटी_फास्ट
बॅटरी पण चेक करून घे. मामांच्या गाडीत बॅटरी मरायला टेकलेली आणि अर्थिंगची पट्टी गंजलेली, गिअर कसंबी बदलायचे, दोन महिने सगळे गिअरबॉक्सच बघत बसलेले.

निपाणीकर
एवढं करण्यापेक्षा विक म्हणतो मी. असो, वाचूलोय.

तिसरं_रेल्वेगेट
ऑटोनगरला एक इलेक्ट्रिशियन मिळाला, त्याच्याकडं मोठा स्कॅनर आहे. सगळी युनिटं स्कॅन केला. इंजिनमध्ये काय नाही. ट्रान्समिशनमध्ये एकच, पी ०७१५. रेशोचा एकपण नाही.

माणूस चांगला निघाला, कोड पुसून पाठवला नाही. स्कॅनर लावलेलाच ठेवून मला चालवाय सांगितला, तो बाजूला बसून स्क्रीनकडं बघत. काकतीकडनं हायवेला लागलो, वंटमुरी घाट चढून वर. बराच वेळ इनपुटचा आकडा इंजिनच्या आरपीएमच्या बरोबरीनं चाललेला, इंजिन अडीच हजार तर हा चोवीसशेच्या आसपास. मग खड्डा लागला एक आणि तो आकडा सरळ शून्य, गाडी पळूलीय, इंजिन चालू आहे आणि इनपुट शून्य! लगेच झटका. स्क्रीनवर तिसरा गिअर आला आणि तिथंच थांबला.

परत आल्यावर एअर फिल्टरचा डबा आणि बॅटरीचा ट्रे काढला. सेन्सरचा कनेक्टर नुसत्या बोटानं निघाला, त्याची लॉकची क्लिप तुटलेली, पिनांवर हिरवं चढलेलं, एक पिन मागं सरकलेली. जेटचं पाणी तिथंच जाऊन बसलेलं असणार. गरम झाल्यावर आणि खड्ड्यात तेवढीच पिन सुटायची. सेन्सरचा रेझिस्टन्स मोजला, ठीक आला, म्हणून सेन्सर बदलला नाही. पिना साफ केल्या, नवीन कनेक्टर वायरीसकट जोडला, वायर हार्नेसला टायनं बांधली. सगळं मिळून हजाराच्या आत.

शहापूरची_मी
आकडा बघत चालवलं हे फार बरं केलं. नुसता कोड वाचून सेन्सर मागवला असता, बसवला असता आणि जुन्याच कनेक्टरात खोचला असता.

रंकाळा
नादखुळा. आता ऑइल पण फ्लश मारून घे मशीननं, एकदम चकाचक.

वायसर
नको. जुनं ऑइल असलेल्या गाडीला मशीनचा फ्लश मी कधी मारत नाही, तळाला बसलेला गाळ उठून वॉल्व्हांच्या बारीक भोकात जातो. खालनं ड्रेन करायचं, जेवढं निघालं तेवढंच मोजून भरायचं. एका वेळेला सगळं निघत नाही, कन्व्हर्टरमध्ये बरंच राहतं, म्हणून आठ-पंधरा दिवस चालवायची आणि परत तसंच. पॅन काढलाच तर त्यातलं चुंबक बघा. राखाडी मऊ चिखल असतोच, वयाचा आहे, पुसून टाका. चमकणारे तुकडे, सुईसारखे काय लागले तर फोटो टाका इथं. पॅन बसवताना सिलिकॉन थापून बाहेर आलेलं आत लोंबत राहू देऊ नका.

तिसरं_रेल्वेगेट
पहिलं ड्रेन झालं. माझ्यासमोर करवून घेतलो. चुंबकावर राखाडी चिखल, बोटाला काजळ लागल्यागत, टोचणारं काय नाही. शाफ्टच्या सीलला ओल होती, तेही बदललं. काल बाबांना घेऊन चोर्ल्यानं साखळीपर्यंत जाऊन आलो, उतरताना ओव्हरड्राइव्ह बंद आणि उताराला २ वर, येताना पण कुठं अडकली नाही. सकाळचा आर अजून अर्धा-एक सेकंद घेतो, खरं धाडकन नाही आता.

वायसर काका, हे राहू देऊ का अजून काय बघायचं?

वायसर
दुसरं ड्रेन होऊ दे मग बोलूया. आतल्या रबरी सील १५ वर्षांत कडक होतात, थंडीत प्रेशर धरायला जरा वेळ लावतात, तेवढ्यासाठी मी तरी गिअरबॉक्स उतरवणार नाही. आर पडेपर्यंत ब्रेक सोडू नका, रेस देऊ नका, बाबांना एवढंच सांगा. दर महिन्याला गरम गाडीवर डिपस्टिक. अर्धा सेकंदाचे परत तीन झाले, किंवा गरम असताना पण उशीर करायला लागली, तर सांगा. आरसीसाठी घालायच्या आधी चेक इंजिनचा दिवा परत लागत नाही ना ते बघून घ्या.

तिसरं_रेल्वेगेट
बरं काका. उद्यमबागेत असता काय हो तुम्ही, येऊन भेटतो.

वायसर
आता घरीच असतो, कॅम्पात. या की.

निपाणीकर
ते सगळं असू दे, तुला गॅरेजवाला स्क्रॅपमधला गिअरबॉक्स दाखवतो म्हणालेला तो अजून आहे काय? मेव्हण्याच्या आय-टेनला पाहिजे, त्याचा खरंच गेलाय, काळं ऑइल आणि वास रस्त्याच्या पलीकडनं येतो.

वायसर
घ्यायचा असला तर विकत घ्यायच्या आधी त्याचा पॅन आपल्यासमोर उघडायला लावा, नाही म्हणाला तर सोडा. आणि मेव्हण्याचा रेडिएटरमधला कूलर धुवून घ्या नाहीतर बदला, जुन्याची घाण त्यातच असते, ती चार दिवसांत नव्यात जाते.

निपाणीकर
व्हय व्हय. रविवारी घेऊन येतो मेव्हण्याला, चालंल काय?

वायसर
गाडी घेऊन येऊ नका, पुढची चाकं उचलून आणा.